शोधचित्रे आणि लहान मूल



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून राज्यकारभार, अर्थकारण, धर्म, वाङ्‌मय अशा वजनदार विषयांची चर्चा होत आली आहे. अशा ठिकाणी मी तीन-चार वर्षांच्या मुलांच्या चित्रपुस्तकांवर बोलणार, हे वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमच्या घरीही वाटले. माझा नातू मात्र म्हणाला, “आजी, तू पुस्तक घेऊन जा. म्हणजे त्यांना शोधायला सांगता येईल.” पुस्तक आणले आहे, पण सभागृह मोठे आणि चित्रे बारीक, म्हणून आज शब्दांवरच भागवावे लागेल.

विषय असा आहे. काही पुस्तके अशी असतात की ज्यांत गोष्ट नसते, कविता नसते. पुष्कळदा अक्षरच नसते. मोठ्या आकाराचे जाड पान, आणि त्या पानभर एक बाजार, एक स्टेशन, एखादे बंदर किंवा समुद्रकिनारा. शेकडो माणसे. कोणी भांडतो आहे, कोणाची टोपी उडाली आहे, एक कुत्रे खाटकाच्या दुकानातून काही पळवते आहे. मुलाने त्यांत हिंडायचे, पाहायचे, शोधायचे. आपल्याकडे दिवाळी अंकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत “चित्रात लपलेले प्राणी शोधा” असा मजकूर येतो, त्याचीच ही मोठी भावंडे.

ही चाल परदेशी आहे असे आपल्याला वाटते. पुस्तकाच्या रूपात ती तिकडून आली हे खरे. पण लहानपणी अंगणात आम्ही जे करीत होतो, ते आठवले की मला ती फारशी परकी वाटत नाही. चैत्रात आमची आजी तुळशीपुढची जागा शेणाने सारवून चैत्रांगण काढी. सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, गौरीचा पाळणा, फणी, करंडा, आरसा, कोयरी, हत्ती, नाग, कासव. एवढे सगळे एका चौकोनात. काढून झाले की ती कंबर धरून उठे आणि आम्हां मुलांना विचारी, “कासव कुठंय बरं?” आम्ही उकिडवे बसून शोधत असू. दिवाळीतल्या किल्ल्यापाशी तेच. शेजारच्या आळीतला किल्ला पाहायला जायचे ते शिवाजीमहाराज कोठे आहेत हे पाहायला नव्हे. ते तर वरच बसलेले असत. पाहायचे असे ते गुहेतला वाघ, विहिरीवरची बाई, आणि अळिवाच्या शेतात आडवा पडलेला एक मावळा. तो पडला होता की कोणी झोपविला होता, यावर आमचे वाद होत. म्हणजे गजबजलेल्या चित्रात नजरेने हिंडण्याची हौस आपल्या मुलांना कोणी शिकविण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो, त्या हौसेचे आपण मोठी माणसे काय करतो, हा.

आता थोडा इतिहास. लहान मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढावे हा विचार युरोपात ठसठशीतपणे मांडला तो कोमेनियस या मोरावियन शिक्षकाने. त्याचे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्गला निघाले. एका पानावर चित्र. चित्रातल्या वस्तूंना आकडे. आणि खाली त्या आकड्यांसमोर लॅटिन व जर्मन शब्द. मुलाने आकडा शोधायचा, वस्तू ओळखायची, शब्द शिकायचा. आपल्या बालवाड्यांतले तक्ते या पुस्तकाचेच वंशज आहेत.

याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १५६० साली, पीटर ब्रूगेल या चित्रकाराने ‘मुलांचे खेळ’ नावाचे एक चित्र रंगविले. ते आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. ते मुलांसाठी काढलेले नव्हते, पण आजच्या शोधचित्रांचे मूळ सांगावयाचे तर त्याकडे बोट दाखवावे लागते. गावातला एक मोकळा चौक आणि त्यात दोनशेहून अधिक मुले. ऐंशीच्या आसपास खेळ. त्याचे छापील चित्र मी एकदा बालवाडीच्या भिंतीवर लावले होते. आमच्या मुलांनी त्यातले भोवरे ओळखले, आंधळी कोशिंबीर ओळखली, आणि डाव्या कोपऱ्यात दोघीजणी सागरगोट्यांसारखे काही खेळत आहेत तेही ओळखले. साडेचारशे वर्षांपूर्वीचा परका देश. पण मुलांना तो ओळखीचा वाटला.

जर्मन भाषेत अशा पुस्तकांना ‘विमेलबूख’ म्हणतात. विमेलणे म्हणजे गजबजणे, मुंग्यांसारखी दाटी होणे. म्युनिकचे आली मिटगुच यांनी १९६८ साली ‘माझ्या शहरात चोहीकडे’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले आणि पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीचा बालवाङ्‌मयाचा पुरस्कार मिळाला. मिटगुच २०२२ साली वारले. त्यांच्या चित्रांत मुख्य माणूस कोणीच नाही. सगळे आपापल्या कामात आहेत, आणि ज्याच्यावर मुलाची नजर जाईल तो त्या वेळेपुरता नायक. पुढे २००३ पासून रोट्राउट सुझाने बेर्नर या बाईंनी एका गावाची ऋतुपुस्तके काढली. एकच रस्ता, पान उलटले की आपण त्या रस्त्याने पुढे सरकतो, आणि मागच्या पानावर दिसलेली माणसे पुढच्या पानावर पुन्हा भेटतात. हिवाळ्याच्या पुस्तकात भेटलेली उन्हाळ्याच्या पुस्तकात भेटतात. एकही वाक्य न लिहिता यात कितीतरी गोष्टी चालू असतात, आणि त्या सांगायच्या मुलाने. बेर्नरबाईंना २०१६ साली हान्स अँडरसन पारितोषिक मिळाले.

जपानचे मित्सुमासा आन्नो काही वर्षे शाळामास्तर होते. १९७७ साली त्यांनी निःशब्द प्रवासाचे एक पुस्तक काढले. पानोपान एक लहानसा घोडेस्वार युरोपच्या खेड्यांतून आणि शहरांतून चालला आहे. त्याला प्रत्येक पानावर हुडकायचे. आणि १९८७ साली लंडनहून मार्टिन हँडफर्ड यांचा ‘वॉली’ आला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, गोंड्याची टोपी, चष्मा आणि हातात काठी. हा अमेरिकेत वॉल्डो झाला, फ्रान्समध्ये चार्ली झाला, आणि आपल्याकडच्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांतही येऊन बसला.

वॉली सापडत का नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याला वाटते की आपण सगळे चित्र एकदम पाहतो. वस्तुस्थिती तशी नाही. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या नखाएवढ्या जागेतच आपल्याला खरोखर स्पष्ट दिसते. बाकीचे सगळे धूसर. म्हणून डोळा एकसारखा उड्या मारीत असतो. हिरव्या गर्दीत एकच लाल ठिपका असला तर तो शोधावा लागत नाही, आपोआप नजरेत भरतो. पण लाल आणि पांढरा असे दोन गुण एकत्र शोधायचे असले आणि आजूबाजूला लाल वस्तूही असल्या, पांढऱ्याही असल्या, तर एकेका ठिकाणी लक्ष नेऊन पाहण्यावाचून गत्यंतर नाही. अॅन ट्रीझमन यांनी १९८० साली ही गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली. हँडफर्ड नेमके हेच करतात. पानभर पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, टॉवेल, तंबू पसरून ठेवतात, आणि आपला डोळा फसतो.

आता मुलाकडे वळू. चित्र पाहणे ही उपजत गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या मुलांपुढे वस्तूंची हुबेहूब चित्रे असलेले पुस्तक ठेवले. मुले त्या चित्रातली वस्तू हाताने उचलू लागली, पान ओरबाडू लागली. अमेरिकेतल्या मुलांनी हे केले, आणि जेथे चित्रपुस्तके नव्हती अशा आयव्हरी कोस्टमधल्या एका खेड्यातल्या मुलांनीही केले. एकोणीस महिन्यांच्या मुलांना मात्र कळले होते की ही वस्तू नव्हे, हे वस्तूचे चित्र. ती उचलावयाचे सोडून बोट दाखवू लागली होती. मूल चित्राकडे बोट दाखविते आणि वळून आईच्या तोंडाकडे पाहते, तेव्हा “मला जे दिसते ते तुलाही दिसते ना?” असे ते विचारीत असते. माणसामाणसांमधले सगळे बोलणे या एका प्रश्नातून निघते, असे मला वाटते.

या प्रश्नाला आपण उत्तर काय देतो? येथे मी माझीच एक चूक सांगते. सांगताना आजही बरे वाटत नाही.

मी मराठवाड्यात तालुक्याच्या एका गावी बालवाडी चालवीत होते. भिंतीवर जत्रेचे एक मोठे छापील चित्र होते. पाळणा, फुगेवाला, रेवड्यांची दुकाने, बांगड्यांची दुकाने, बैलगाड्या. वर्षानुवर्षे मी त्या चित्रावर मुलांना तेच पाच-सहा प्रश्न विचारीत आले होते. फुगेवाला कुठे आहे? बैल किती? लाल फेटा कोणाचा? मुले धावत येऊन बोट ठेवीत. मी शाबासकी देत असे. पाहुणे आले की हा कार्यक्रम हमखास होई, आणि पाहुणे संतुष्ट होऊन जात.

त्या वर्षी एक मुलगी होती, चार वर्षांची. ती बोलत नसे. तिची आजी तिला आणून सोडी आणि दुपारी घेऊन जाई. एके दिवशी तिची पाळी आली. मी विचारले, “फुगेवाला कुठंय गं?” ती चित्राजवळ गेली, बराच वेळ पाहत राहिली, आणि अगदी खाली, चौकटीला लागून असलेल्या एका लहानशा आकृतीवर तिने बोट ठेवले. म्हणाली, “बाई, ह्या पोरीची माय हरवलीय.”

त्या मुलीच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले वाक्य. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “ते असू दे. आधी फुगेवाला दाखव.”

ती जागेवर जाऊन बसली. वर्ग सुटल्यावर मी चित्राजवळ गेले. खाली खरोखरच एक लहान मुलगी होती, गर्दीकडे तोंड केलेली, एकटी. इतक्या वर्षांत मी तिला पाहिले नव्हते. दुपारी आजी आली तेव्हा मी सहज चौकशी केली. दिवाळी होताच मुलीचे आईबाप कारखान्यावर ऊसतोडीला गेले होते. परत यायचे ते उन्हाळ्यात.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला घेऊन चित्रासमोर खाली बसले आणि काहीच विचारले नाही. ते किती अवघड आहे ते शिक्षकालाच ठाऊक. पुष्कळ वेळाने तिने बांगड्यांच्या दुकानापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका बाईवर बोट ठेवले. “ही तिची माय. बांगड्या घेतीय. मग येती.” चित्रकाराच्या मनात असे काही असेल-नसेल; मला ते ठाऊक नाही. त्या मुलीला ती आई सापडायला हवी होती, आणि तिने ती शोधून काढली. त्यानंतर ती रोज थोडेथोडे बोलू लागली. पण आदल्या दिवशीचे माझे वाक्य काही परत घेता आले नाही.

तेव्हापासून शोधचित्रांविषयी माझे मत पक्के झाले आहे. या पुस्तकांचे दोन उपयोग आहेत. एक, आपण सांगितलेले मुलाने शोधून दाखविणे. दुसरा, आपण न सांगितलेले मुलाने आपल्याला दाखविणे. पहिला मी वाईट म्हणत नाही. त्याने चिकाटी येते, नजर तयार होते, शब्द कळतात, आणि सापडल्याचा आनंद तर खराच. पण तो लवकर संपतो. वॉली एकदा सापडला की त्या पानावरचा वॉली संपला. तसे पाहिले तर हँडफर्ड यांच्याही चित्रांत वॉलीखेरीज कितीतरी गमती आहेत. सापडल्यावर आपण पान उलटतो हा आपला दोष. दुसरा उपयोग संपत नाही. गेल्या वर्षी जे मूल कुत्र्याच्या मागे लागले होते, तेच मूल यंदा खिडकीतल्या म्हातारीविषयी विचारते. चित्र तेच असते, मूल मोठे झालेले असते.

हा केवळ एका बाईचा अनुभव आहे असे कोणी म्हणू नये म्हणून एक दाखला देते. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुले पावणेदोन ते तीन वर्षांच्या आतबाहेरची. दोन्ही गटांतले आईबाप मुलांना चित्रपुस्तके वाचून दाखवीतच होते. त्यांतल्या एका गटाला एवढेच शिकविले की “हे आहे का, ते आहे का” असे न विचारता मोकळे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात भर घाला, आणि हळूहळू सांगण्याचे काम मुलाकडे सोपवा. अवघ्या महिन्याने बोलण्याच्या कसोट्या घेतल्या, तेव्हा या गटातली मुले दुसऱ्या गटाच्या काही महिने पुढे गेलेली आढळली. पुस्तके महाग नव्हती, साधन नवे नव्हते. बदलली होती ती मोठ्यांची विचारण्याची रीत.

मोठ्यांची नजर कशी असते याचा एक मासला सांगून पुढे जाते. बेर्नरबाईंचे पुस्तक अमेरिकेत काढावयाचे २००७ साली घाटत होते. तिथल्या प्रकाशकाने कळविले की चित्रातल्या धूम्रपान करणाऱ्या माणसांना काढा, आणि कलादालनात ठेवलेल्या एका नखाएवढ्या उघड्या पुतळ्याचेही काहीतरी करा. बाईंनी नकार दिला आणि तो बेत फिसकटला. शेकडो माणसांच्या गर्दीत मुलांना मांजरे, किल्ल्या, फुगे दिसतात. तो पुतळा हुडकून काढला तो मोठ्या माणसांनी.

तर मग घरी, बालवाडीत, वाचनालयात आपण काय करावे? मी उपदेशाचा मोठा पाढा वाचणार नाही. तीन गोष्टी सांगते. पहिली, पुस्तक जमिनीवर ठेवा. ही पुस्तके मुद्दाम मोठी असतात. तीन-चार मुले पालथी पडून चोहोबाजूंनी एकाच वेळी पाहू शकतात, आणि ज्याला अक्षर येते व ज्याला येत नाही ते येथे एका पंक्तीला बसतात. निरक्षर आजीसुद्धा येथे कमी पडत नाही. दुसरी, “हे काय?” या प्रश्नाऐवजी “इथं काय चाललंय?” असे विचारून पाहा. पहिल्याचे उत्तर एका शब्दात येते. दुसऱ्याला वाक्य लागते. तिसरी सर्वांत कठीण: मुलाने बोट ठेवीपर्यंत आपले बोट आवरा. आजकाल फोनवरही असे शोधाचे खेळ येतात. योग्य जागी बोट लागले की घंटी वाजते, चुकले की वाजत नाही. हरवलेल्या मुलीची माय त्या यंत्राला सांगून उपयोग नाही. ते तिच्यासाठी घंटी वाजविणार नाही.

आणखी एक खंत बोलून दाखवायची आहे. म्युनिकच्या मुलाला पुस्तकात म्युनिक सापडते. आपल्या मुलाला आपले गाव कोठे सापडते? आपल्याकडे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’सारख्या पुस्तकाने मराठी मुलांना चित्र वाचावयाची वाट करून दिली आहे, आणि साहित्य अकादमीने २०१४ साली बालसाहित्यासाठी त्यांचा सन्मानही केला आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या वारली चित्रकारांनी एकेका कागदावर लग्न, शेत, मासेमारी अशी अख्खी जगे मांडली. त्यांच्यासमोर मुलाला बसवून पाहा. पण एस. टी. स्टँड, आठवड्याचा बाजार, वारीचा तळ, गणपतीची मिरवणूक, ऊसतोडीचा अड्डा अशी भरगच्च, स्वस्त आणि मजबूत पुस्तके प्रत्येक बालवाडीत असावीत एवढी आपल्याकडे नाहीत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले तेव्हा महागडी साधने नाहीत म्हणून त्या थांबल्या नाहीत. शिंपले, पाने, बिया, खडे यांचीच त्यांनी साधने केली. त्याच वाटेने आपल्यालाही जाता येईल.

माझी सूचना साधी आहे. या व्याख्यानमालेचे चालक वाचनालय चालवितात. वाचनालयाच्या एका भिंतीवर मोठा कागद लावावा. गावातल्या चित्रकलेच्या मास्तरांनी त्यावर आपल्या मंगळवारच्या बाजाराची नुसती रेखा काढून द्यावी: रस्ते, पिंपळ, पाण्याची टाकी. मग दर आठवड्याला मुलांनी येऊन आपापले माणूस त्यात भरावे. कोणी आपला बाप काढील, कोणी बोंबील विकणारी काढील, कोणी आपली शेळी काढील. वर्षभरात कागद भरून जाईल. त्याची छापील प्रत काढून प्रत्येक बालवाडीला द्यावी. खर्च या सभागृहाच्या दोन दिवसांच्या मांडवापेक्षा जास्त येईल असे मला वाटत नाही.

तो कागद भरला की आपणही एकदा त्यासमोर जाऊन बसा. शक्यतो खाली बसा, आणि शेजारी एखादे मूल असू द्या. ते जिथे बोट ठेवील तिथे पाहा. फुगेवाल्याची घाई करू नका. तो कुठे जात नाही.